आज्ञा आणि अनुकृती : रॉबर्ट गिल, अजिंठा आणि मराठी कल्पनासृष्टी

१

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील एका चित्रित स्तंभावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव, त्याच्या घोडदळ पलटणीचा उल्लेख आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरलेली आहे. शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या घळीत आलेल्या या सैनिकाने शतकानुशतके विस्मृतीत गेलेल्या चित्रांशी साधलेला पहिला संबंध हा असा आहे : चित्रावर स्वतःचे नाव खरवडणे. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८४४ साली, मद्रास सैन्यातील दुसऱ्या एका अधिकाऱ्याची त्याच लेण्यांवर नेमणूक झाली. त्याने त्या भिंतींसमोर आयुष्याचा मोठा भाग घालवला, आणि त्याची ओळख भिंतीवरील एखाद्या ओरखड्याने नव्हे, तर भिंतीच्या प्रतिकृतींनी ठरली. त्या प्रतिकृतीही पुढे बहुतांश जळाल्या. एकाने मूळ चित्रावर आपली खूण ठेवली आणि ती टिकली. दुसऱ्याने मूळ चित्राची प्रत केली आणि ती नष्ट झाली. या दोन सैनिकांमधील अंतर हे केवळ रानटीपणा आणि रसिकता यांतील अंतर नव्हे. एका वसाहतवादी सैन्याच्या अंतर्गत पाहण्याची पद्धत कशी बदलत गेली, याचा तो इतिहास आहे.

कॅप्टन (पुढे मेजर) रॉबर्ट गिल याचे चरित्र मराठीत साधारणपणे एका ठरावीक साच्यात सांगितले जाते. तलवार धरणारा हात कुंचल्याकडे वळला, शिस्तीत वाढलेला मनुष्य सौंदर्याने भारावला, आणि नोकरी व छंद, कर्तव्य व ध्यास यांच्या ओढाताणीत त्याचे आयुष्य संपले, असा तो साचा आहे. हा साचा आकर्षक आहे, कारण तो स्वच्छंदतावादी कलावंताच्या प्रतिमेशी सहज जुळतो. परंतु तो इतिहासाशी कितपत जुळतो, हे तपासणे अगत्याचे आहे. सैनिकी पेशा आणि कलेचा ध्यास या दोन परस्परविरोधी गोष्टी असून त्यांचा 'तोल' सांभाळावा लागतो, हे गृहीतकच गिलच्या बाबतीत अपुरे ठरते. गिल सैनिक असूनही चित्रकार होता, असे म्हणण्याऐवजी सैनिक असल्यामुळेच त्याला अजिंठ्याचा चित्रकार होता आले, असे म्हणणे अधिक वस्तुनिष्ठ होईल. त्याच्या कलेची खरी कोंडी याच वस्तुस्थितीत आहे.

२

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश सैनिकी शिक्षणात रेखाटनाला निश्चित स्थान होते. वुलिच येथील लष्करी अकादमीत पॉल सँडबी हा नामांकित जलरंगचित्रकार १७६८ ते १७९६ या काळात चित्रकलेचा मुख्य शिक्षक होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ साली अ‍ॅडिसकोंब येथे स्वतःचे सैनिकी विद्यालय काढले, तेव्हा तेथील अभ्यासक्रमातही चित्रकला होती. या शिक्षणामागे सौंदर्यदृष्टी जोपासण्याचा हेतू गौण होता. शत्रूचा किल्ला, नदीचा उतार, डोंगराची धार, तोफा नेता येतील अशी वाट यांचे अचूक रेखाटन करणे हे छायाचित्रणपूर्व काळात युद्धकर्माचेच एक अंग होते. पाहणे म्हणजे मोजणे आणि मोजणे म्हणजे ताब्यात घेणे, अशी ही नेत्रशिस्त होती.

हिंदुस्थानात या शिस्तीतून एक संपूर्ण परंपरा उभी राहिली. मद्रास इंजिनियर्समधील कॉलिन मॅकेंझी मोजणी करता करता शिलालेख, हस्तलिखिते आणि मूर्तींची रेखाटने जमवत गेला आणि १८१५ साली हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला. मुंबई सैन्यातील रॉबर्ट मेल्विल ग्रिंडले याने पश्चिम हिंदुस्थानातील स्थळे, वेशभूषा आणि वास्तू यांवरील सचित्र ग्रंथ १८२६ ते १८३० या काळात प्रसिद्ध केला. पुढे छायाचित्रणाच्या युगात मुंबई तोफखान्यातील टॉमस बिग्ज आणि मद्रास सैन्यातील लिनिअस ट्राइप यांनी हीच वाट कॅमेऱ्याने चालवली. यांपैकी कोणीही सैन्य सोडून कलेकडे आला नाही. पलटणीतील पद, तिथून मिळणारा पगार आणि वरिष्ठांचे आदेश यांच्या आधारानेच त्यांचे काम चालले.

याच काळातील एक देशी उदाहरण येथे उपयोगी ठरेल. १७९०च्या दशकात पुण्यातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी गंगाराम तांबट या पुणेकर कारागिराने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. तांबटाकडे कौशल्य होते, परंतु पद नव्हते. त्यामुळे त्याचे काम दीर्घकाळ दुसऱ्यांच्या संग्रहातील एक तपशील म्हणूनच राहिले. गिलच्या बाबतीत पद होते. मात्र पदाने त्याला जे दिले, ते घेताना त्याने काय गमावले, हा प्रश्न तांबटाच्या उदाहरणामुळे अधिक टोकदार होतो.

३

गिलचा जन्म १८०४ सालचा. विशीच्या उंबरठ्यावर तो कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाला आणि चौवेचाळिसाव्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीत अधिकारी म्हणून त्याची नोकरी झाली. त्याच्या नेमणुकीमागील हालचाल मात्र लंडनमध्ये घडली. निळीच्या व्यापारातून वास्तुविद्येकडे वळलेल्या जेम्स फर्ग्युसनने हिंदुस्थानातील शैलगृहांवरील आपला निबंध १८४३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, पाहुणे रंगवलेल्या गिलाव्याचे तुकडे काढून नेत आहेत, तेव्हा त्यांच्या प्रती तातडीने व्हाव्यात, अशी मागणी सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे केली. संचालकांनी ती मान्य केली आणि हे काम मद्रास सैन्यातील एका कॅप्टनकडे आले.

ही नेमणूक कलावंताची नव्हती, ती एका अधिकाऱ्याची 'कामगिरी' होती. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. असईच्या लढाईनंतर, १८०३ साली, वेलस्लीच्या सैन्यातील जखमींना याच अजिंठा गावात हलवण्यात आले होते. म्हणजे इंग्रजी सैन्याच्या स्मृतीत हे गाव चित्रांच्या आधी इस्पितळ म्हणून नोंदले गेले होते. अशा परक्या मुलखात, वस्तीपासून काही मैल दूर असलेल्या घळीत दीर्घकाळ काम करायचे, तर मजूर, सामान, वाहतूक आणि संरक्षण यांची जुळवाजुळव करू शकणारा मनुष्य हवा होता. चित्रकाराला अधिकारी करता आले नसते. चित्र काढू शकणारा अधिकारी मात्र सैन्यात होता. गिल गावातील बारादरीत राहू लागला आणि तिथून लेण्यांकडे त्याची ये-जा सुरू झाली. 'नोकरी सांभाळून कला' हा शब्दप्रयोग येथे उलटा करावा लागतो. कला हीच त्याची नोकरी होती आणि तिच्या मागे लष्करी हुकमाचे वजन होते.

४

गिलने केलेल्या कामाचे स्वरूप पाहिले की या हुकमाचा कलेवरील परिणाम स्पष्ट होतो. अजिंठ्याची चित्रे ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, तूस, तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले खनिज रंग, असे त्यांचे तंत्र आहे. काव, पिवळी माती, काजळी, हिरवी माती आणि नंतरच्या लेण्यांत दिसणारी राजावर्ताची निळाई या रंगांना तेलाचा तुकतुकीतपणा ठाऊक नाही. गिलने प्रती केल्या त्या तैलरंगांत, मोठ्या आकाराच्या कापडावर. म्हणजे ज्याला 'नक्कल' म्हटले जाते ते मुळात एक भाषांतर होते : मातीतून तेलात, खडकातून कापडावर, काळोखातून दालनाच्या उजेडात. लेण्यातील मंद, हलत्या प्रकाशात टप्प्याटप्प्याने उलगडणारे कथन एका चौकटीत आणून बसवावे लागते. सतराव्या लेण्यातील जातकांचे प्रसंग एकमेकांत मिसळत भिंतभर पसरतात. त्यांना कडा नाहीत. चौकट कोठे घालायची, हा निर्णय प्रतिकाराला घ्यावाच लागतो आणि तो निर्णय म्हणजेच अन्वयार्थ असतो.

परंतु हा अन्वयार्थ गिलला स्वतःच्या नावाने मांडण्याची मुभा नव्हती. संचालकांना हवे होते ते साक्षीपत्र. प्रतीचा गुण म्हणजे प्रतिकाराची अनुपस्थिती, असा या व्यवहाराचा अलिखित नियम होता. येथे सैनिकी शिस्त आणि प्रतिकाराची शिस्त एकमेकींत बेमालूम मिसळतात. दोहोंचा पाया आज्ञापालन हा आहे. रेषा जशी आहे तशी, रंग जसा उरला आहे तसा, पापुद्रा जिथे गळला तिथे थांबायचे. स्वतःची इच्छा मागे सारणे हे सैनिकाला शिकवावे लागत नाही. गिलचा ध्यास म्हणून जे काही होते, ते या आत्मलोपाच्या आतच घडले. काम वर्षानुवर्षे लांबत गेले, या गोष्टीकडे या दृष्टीने पाहावे लागते. कामगिरीला मुदत असते, ध्यासाला नसते. ज्या कामाचा शेवट वरिष्ठांनी ठरवायचा, ते काम दोन दशकांच्या आसपास रेंगाळते, तेव्हा आज्ञेच्या आत दुसरे काहीतरी शिरलेले असते. गिलने आज्ञा मोडली नाही. त्याने ती लांबवली. त्याचे स्वातंत्र्य जेवढे होते तेवढे या लांबणीत होते.

अजिंठ्याच्या मूळ निर्मितीशी ताडून पाहता हे चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. सोळाव्या लेण्यातील शिलालेख वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या दानाची ग्वाही देतो. मंत्र्याचे नाव राहिले, चित्रकारांची नावे राहिली नाहीत. पाचव्या शतकातील अनामिक कारागीरही दानकर्त्याच्या आज्ञेखालीच काम करत होते. मात्र त्यांच्या अनामिकतेमागे श्रद्धेचा आणि श्रेणीव्यवस्थेचा एक समान अर्थव्यूह होता. ज्या भिंतीवर ते रंगवत होते ती भिंत त्यांच्याच जगातील होती. गिलच्या अनामिकतेमागे होते ते परक्या संस्कृतीच्या अवशेषांची नोंदवही करणारे प्रशासन. आज्ञा दोन्हीकडे आहे, पण आज्ञेतून निघणारा अर्थ एक नाही.

५

१८५६च्या सुमारास गिलच्या हाती कॅमेरा आला. १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. एक हिंदुस्थानातील शैलमंदिरांवर, चौऱ्याहत्तर छायाचित्रांचे. दुसरे पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू आणि 'निसर्गेतिहास' यांवर, शंभर द्विनेत्री छायाचित्रांचे. दुसऱ्या पुस्तकाच्या शीर्षकातच दोन वस्तुजाती शेजारी ठेवल्या आहेत. एकीकडे कोरीव स्तंभ, दुसरीकडे शिकारीत मारलेली जनावरे. वाघांचा शिकारी म्हणून गिलचा लौकिक मोठा होता. लेणे आणि वाघ यांना एकाच संचात बसवणारी दृष्टी कोणती, हे येथे उघड होते. दोन्ही गोष्टी दुर्मिळ, दोन्ही रानात सापडणाऱ्या आणि दोन्ही मिळवून घरी न्यायच्या. गिलच्या संवेदनशीलतेविषयी बोलताना हे पान झाकून ठेवणे सोयीचे असते, पण ते प्रामाणिक नव्हे.

या पुस्तकांतील श्रमविभागणीही अर्थपूर्ण आहे. प्रतिमा गिलची, शब्द फर्ग्युसनचे. एकाच जागी अनेक वर्षे राहिलेला, त्या भिंतीचा इंच न् इंच पाहिलेला मनुष्य मूक राहतो आणि अर्थ सांगण्याचा अधिकार विद्वानाकडे जातो. सैनिकाने पाहावे, विद्वानाने सांगावे. एडवर्ड सैदने १९७८ साली 'ओरिएंटॅलिझम'मध्ये ज्ञान आणि सत्ता यांच्या नात्याची जी चर्चा केली, तिच्यात सत्ता व ज्ञान एकाच बाजूला उभे दिसतात. गिलचे उदाहरण त्या बाजूच्या आतील उतरंड दाखवते. सत्तेच्या यंत्रणेत राहूनही तो ज्ञानाचा कर्ता झाला नाही. तो ज्ञानाचे साधन राहिला. कॅमेऱ्याने त्याची ही अवस्था बदलली नाही. १८६०च्या दशकाअखेरीस त्याने लोणारच्या देवळांची छायाचित्रे घेतली, ती दख्खनच्या वास्तूंच्या अभ्यासकांना आजही मोलाची वाटतात. तरीही ती पाहताना छायाचित्रकार क्वचितच आठवतो.

६

गिलच्या तैलचित्रांचे बहुतांश संच लंडनला गेले आणि सिडनहॅम येथील स्फटिकप्रासादात प्रदर्शित झाले. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीला आग लागली आणि प्रदर्शनातील प्रती भस्म झाल्या. मोजक्याच काही वाचल्या. त्या आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. श्रीमती स्पीअर यांच्या १८५६ सालच्या प्राचीन भारतावरील ग्रंथात काही प्रतींवरून केलेली लहान रेखाचित्रे छापली गेली होती. जे जळाले त्याची छाया अशा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रतींत उरली.

या घटनेतील उपरोध दुर्लक्षिण्यासारखा नाही. मूळ चित्रे नाशवंत म्हणून सुरक्षित प्रती करून राजधानीत नेल्या. राजधानीतील लोखंड व काचेचे आधुनिक घर जळाले. आणि नाशवंत म्हटलेली मातीची भिंत वाघूरच्या काठी उभी राहिली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी. १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांपैकीही अनेक प्रती नष्ट झाल्या. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या काळात प्रती स्पष्ट याव्यात म्हणून भिंतीवर रोगण चढवले गेले आणि कालांतराने ते पिवळे-काळपट पडले. म्हणजे प्रत ही मूळ कृतीची केवळ रक्षक नसते. तिच्या हव्यासाने मूळ कृतीलाही इजा होते. वॉल्टर बेंजामिनने १९३६ साली यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे वलय नाहीसे होते, असा सिद्धान्त मांडला. अजिंठ्याचा इतिहास त्याला एक पुरवणी जोडतो. हाताने केलेली प्रतसुद्धा वलयाला स्पर्श करते, आणि प्रत जळाल्यावर तिला स्वतःचे असे एक वलय प्राप्त होते. न पाहिलेल्या, पाहता न येणाऱ्या गिलच्या चित्रांभोवती जी हुरहूर जमली, ती या दुसऱ्या वलयाची.

७

या हुरहुरीतूनच मराठी कल्पनासृष्टीतील गिल जन्मला. अजिंठा गावात पारो या स्त्रीची समाधी आहे. तिच्यावरील लेख इंग्रजीत आहे आणि त्यात २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आहे. गिलच्या अधिकृत कागदपत्रांच्या जगात पारोला जागा नाही. ती कोण होती, कोणत्या जातीजमातीची होती, त्यांचे नाते कसे होते, याविषयी परिसरात अनेक कथा आहेत. दगड त्यांतील एकीचीही हमी देत नाही. तो फक्त नाव, तारीख आणि एक आर्त संबोधन राखून आहे.

लेण्यांपासून फारशा दूर नसलेल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी (१९४२–२०२३) 'अजिंठा' या दीर्घकाव्यात या जोडप्याला मराठी कवितेत स्थापित केले. त्याच कथेवर नितीन चंद्रकांत देसाई यांचा 'अजिंठा' हा चित्रपट २०१२ साली आला. महानोरांच्या काव्याचे महत्त्व असे, की त्याने केंद्र हलवले. फर्ग्युसनपासून पुढच्या इतिहासलेखनात अजिंठा म्हणजे लेणी. महानोरांच्या कवितेत अजिंठा म्हणजे रान, पाऊस, गाव आणि बोलीत जगणारी माणसे. ज्या परिसराला वसाहतवादी दप्तराने पार्श्वभूमी मानले, तो येथे अनुभवाचा कर्ता होतो. देशी भूमीवरून केलेली ही पुनर्रचना आहे आणि तिचे साहित्यिक मोल वादातीत आहे.

तथापि प्रेमकथेचा घाट काही प्रश्न मिटवतो, हेही नोंदवायला हवे. गिल विवाहित होता, त्याला अपत्ये होती. पारोचे आणि त्याचे नाते कितीही उत्कट असले, तरी ते समान भूमीवरील नव्हते. एका बाजूला पलटणीचे पद, निर्वाहवेतन, परतीची शक्यता. दुसऱ्या बाजूला यांपैकी काहीही नाही. प्रेमकथा ही विषमता नाकारत नाही, पण तिला भावनेत विरघळवते. शिवाय कलेचे मूळ ती प्रेमात शोधते : पारोमुळे गिलला अजिंठा 'दिसला' असे सुचवते. त्यामुळे हुकूम, पगार, मुदत, कापड, तेल, वाहतूक या गोष्टी, म्हणजेच कलेच्या निर्मितीची सर्व भौतिक बाजू, दृष्टीआड होते. स्त्री प्रेरणा ठरते आणि सैन्य केवळ वेशभूषा. तलवार आणि कुंचला यांच्या द्वंद्वाचा साचा येथे पुन्हा परततो.

असे असूनही त्या दगडाला गिलच्या चरित्रात एक स्थान आहे, आणि ते प्रेमकथेने दिलेल्या स्थानाहून वेगळे आहे. गिलची तैलचित्रे संचालकांच्या हुकमाने झाली. छायाचित्रांना फर्ग्युसनचे शब्द लाभले. पत्रव्यवहार वरिष्ठांना उद्देशून झाला. त्याच्या नावाशी जोडले गेलेले जवळपास सर्व काही कोणाच्या तरी आज्ञेने किंवा कशाची तरी प्रत म्हणून अस्तित्वात आले. त्यानेच उभारलेली मानली जाणारी ही समाधी मात्र कोणाच्या आज्ञेने आलेली नाही आणि ती कशाचीही प्रत नाही. दोन दशके दुसऱ्यांच्या रेषा गिरवणाऱ्या माणसाची मूळ संहिता म्हणता येईल अशी एवढीच, काही ओळींची. स्मिथने चित्रावर नाव कोरले ते स्वतःचे. येथे दगडावर कोरले गेले ते दुसऱ्याचे. वसाहतीतील एका निनावी राहिली असती अशा स्त्रीचे नाव त्यामुळे उरले, आणि त्याच नावातून पुढे मराठी काव्य उभे राहिले, ही इतिहासाची वस्तुस्थिती प्रेमकथेच्या मर्यादांसकट मान्य करावी लागते.

८

सैनिकी पेशा आणि कला यांचा तोल गिलने साधला की नाही, हा प्रश्न म्हणून फसवा ठरतो. तोल साधण्यासाठी दोन स्वतंत्र पारडी लागतात. गिलजवळ एकच पारडे होते आणि त्यात दोन्ही वजने होती. सैन्याने त्याला भिंतीसमोर उभे केले, वेळ दिला, कापड आणि रंग दिले; त्याच सैन्याने त्याच्या हाताला प्रतीपलीकडे जाण्याचा अधिकार दिला नाही, आणि त्याच राज्याच्या राजधानीत त्याचे काम जळाले. त्याची रसिकता खरी होती आणि ज्या व्यवस्थेतून ती व्यक्त झाली ती हिंसक होती. या दोन विधानांपैकी एकाने दुसरे खोडले जात नाही.

गिल १८७९ साली भुसावळच्या वाटेवर वारला आणि तेथील युरोपियनांच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. त्या दशकात, अजिंठ्याच्या घळीत, मुंबईहून आलेले जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी त्याच भिंतींसमोर कापड ताणून बसत होते. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, हातात हिंदुस्थानी बोटांचे कौशल्य होते, आणि काम मात्र तेच होते : सरकारी खर्चाने, लंडनच्या संग्रहालयासाठी, मुळाबरहुकूम प्रत. सैनिक गेला होता. आज्ञा तेथेच होती.